नर्सबाईचे मालक

"आजी, तुम्ही कोणत्या जिल्ह्यात राहता?" अकोल्याच्या न्यूरॉलॉजिस्टने, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरने, माझ्या बायकोला विचारलं.

"अकोला," कमल म्हणाली.

मी लगेच मध्ये तोंड घातलं. म्हटलं, डॉक्टर, हे उत्तर चूक धरू नका. आम्ही वाशीमचे खरे, पण तिची निम्मी नोकरी झाली तेव्हा वाशीम जिल्हा वेगळा झालाच नव्हता. सगळं अकोल्यातच होतं. डॉक्टर हसले. "सर, पेपर त्यांचा आहे. उत्तरं तुम्ही सांगू नका." आयुष्यभर वर्गात कॉपी पकडणाऱ्या मास्तरला एका तरुण डॉक्टरने कॉपी पुरवताना पकडलं होतं. 

त्यांनी तिला तीन शब्द सांगितले होते. आंबा, घड्याळ, दार. थोड्या वेळाने विचारीन, म्हणाले. मधे दुसरेच प्रश्न विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. तिने गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले. मग डॉक्टर म्हणाले, "आता ते तीन शब्द सांगा बरं."

कमल सरळ होऊन बसली आणि म्हणाली, "बीसीजी, ट्रिपल, पोलिओ."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एमआरआय, म्हणजे त्या मोठ्या नळकांड्यात झोपवून काढतात तो मेंदूचा फोटो, त्यांनी उजेडासमोर धरला. एका जागी बोट ठेवून म्हणाले, "हा हिप्पोकॅम्पस. नवीन आठवणी इथे साठतात. हा भाग आकसला आहे. अल्झायमर्स आहे." मग मला समजेल असं सांगितलं. मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जातात. आधी कालचं जातं, मग दहा वर्षांपूर्वीचं, मग त्याच्याही मागचं. शेवटी माणसं जातात. गोळी आहे, डोनेपेझिल नावाची. ती आजार बरा करत नाही, थोडा रेटून धरते.

"माणसं जातात म्हणजे?" मी विचारलं.

"ओळखणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "तुम्हालासुद्धा."

मी मनात म्हटलं, मला ओळखणार नाही असं कसं होईल. चव्वेचाळीस वर्षं झाली होती लग्नाला.

कमल एएनएम होती, म्हणजे सरकारी उपकेंद्रातली नर्स. आधी किन्हीराजाला, मग रिठदला. मी जिल्हा परिषदेचा मास्तर. आम्ही ख्रिस्ती, तिकडच्या गावांत बहुतेक आमचं एकच घर. पण कुणी ख्रिस्ती म्हणून ओळखायचं नाही, मास्तर म्हणून तर नाहीच. बाजारात गेलो की लोक म्हणायचे, हे नर्सबाईचे मालक. मी गणित शिकवलेल्या पोरांचे बापसुद्धा मला "नर्सबाईचे मालक" म्हणत. मला ते आवडत नसे. एकदा मी एका माणसाला भर बाजारात सुनावलं होतं की मला नाव आहे. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "असंन गुरुजी, पन आमाले थे मालूम नाई." कमल त्या दिवशी हसून हसून लाल झाली होती.

आजाराची सुरुवात मला कळली नाही, हे कबूल करतो. निवृत्तीनंतर आम्ही वाशीमला घर केलं. तिथे एका सकाळी ती पांढरी साडी नेसून, पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली. "कुठे?" विचारलं तर म्हणाली, "फिल्डवर." निवृत्त होऊन तिला सहा वर्षं झाली होती. मला वाटलं, गंमत करते आहे. मग कुकर पाण्याशिवाय चढला. मग चर्चच्या उपासनेत ती गीत तोंडपाठ म्हणायची, पण पुस्तकात ते कोणत्या पानावर आहे ते तिला सापडेना. मी पुढच्या बाकावरून मागे वळून डोळे वटारायचो.

अकोल्याला जायच्या आधी वाशीमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह. ह्या दोहोंपैकी काही कमी असेल तरी माणूस विसरतो, आणि ते औषधाने भरून येतं. दोन दिवस मी गुडघे टेकून प्रार्थना केली की, प्रभू, हिचं बी-ट्वेल्व्ह कमी निघू दे. माणूस देवाकडे काय काय मागतो. रिपोर्ट आला. दोन्ही अगदी व्यवस्थित होतं.

पहिलं वर्ष ठीक गेलं. दुसऱ्या वर्षी नावं जायला लागली. नागपूरला असलेल्या आमच्या मुलीला, प्रीतीला, ती फोनवर "कोण बोलतंय, कुठल्या गावाहून?" असं विचारायला लागली. प्रीती रडायची. मी तिला म्हणायचो, रडू नकोस, मी बघतो. मग मी जे केलं ते मास्तरच करू जाणे.

मी पंचवीस वर्षं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारची शाळा घेतली आहे. लहान पोरांकडून प्रश्नोत्तरी पाठ करून घ्यायची माझी पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. तुला कोणी निर्माण केलं? देवाने. कशासाठी? त्याच्या गौरवासाठी. रोज घोकलं की विसरत नाही, असा माझा विश्वास. मी कमलसाठी प्रश्नोत्तरी तयार केली. एका वहीत अठरा प्रश्न. आज वार कोणता? आपलं गाव कोणतं? मुलीचं नाव काय? आणि अठरावा, मी कोण? सकाळची कौटुंबिक प्रार्थना झाली की "आमेन" म्हणून मी वही उघडायचो.

ती घाबरायची. मला ते दिसत होतं, तरी मी थांबलो नाही. उत्तर चुकलं की परत पहिल्यापासून.

एका सकाळी सतरा प्रश्न कसेबसे झाले आणि मी विचारलं, "मी कोण?" तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला. लहानपणी मिशनच्या शाळेत पाठ केलेलं काहीतरी तिला सापडलं असावं. हात जोडून, सुरात ती म्हणाली, "देवाचं लेकरू."

"नाव सांग!" मी ओरडलो. "देवाचं लेकरू सगळेच असतात. माझं नाव सांग, मी तुझा कोण ते सांग!"

तिने पदराचं टोक तोंडात धरलं. मी वही आपटून बाहेर निघून गेलो. त्या दिवशीपासून ती मला "बाबा" म्हणायला लागली, आणि वऱ्हाडीत बोलायला लागली. ती दवाखान्यात पेशंटांशी तशी बोलायची. "बाबा, तुमी काहून उभे हाय? बसा ना." सुरुवातीला मी रोज सांगायचो की मी बाबा नाही. मग सोडून दिलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हा आजार आला असेल तर हात जोडून सांगतो, परीक्षा घेऊ नका. "ओळखलं का?" असं विचारू नका. मला हे कोणत्याही डॉक्टरने शिकवलं नाही. शिकवलं आमच्या गल्लीतल्या रेहानाने. तिचं बांगड्यांचं दुकान आहे. ती आधी रिठदला होती, तिची दोन्ही बाळंतपणं कमलने केली होती. ती दर आठवड्याला यायची, दारातूनच म्हणायची, "सलाम, बाई. मी रेहाना, बांगडीवाली. तुमचा हात पाह्यले आली." आमच्या जुन्या ख्रिस्ती घरांतून एकमेकांना सलामच म्हणत. कमलचा हात आपोआप कपाळाकडे जायचा. "सलाम, ये बस." मग दोघी बांगड्या बघत बसत. रेहाना आधीच नाव सांगून टाकायची, त्यामुळे कमलला काही ओळखावं लागत नसे.

मी एकदा तिला म्हटलं, "तुला वाईट नाही वाटत? तू इतकी येतेस, तिला तू कोण ते ठाऊक नाही."

"माही पोरगी पैदा झाली तवा बाईले कुठी मालूम होतं मी कोन हाय ते," रेहाना म्हणाली. "माहेराहून आली होती मी, अनजान. तरी रातभर बसल्या ना माह्यापाशी."

मला ते तेव्हा नुसतं ऐकू आलं.

संध्याकाळ मात्र सगळ्यांत वाईट असायची. डॉक्टर ह्याला सनडाउनिंग म्हणतात. दिवस कलला की अशा पेशंटची घालमेल वाढते. पाच वाजायच्या सुमारास कमल पिशवी घ्यायची आणि फाटकाशी जाऊन उभी राहायची. आत ये म्हटलं तर हात झटकायची. मी फाटकाला कुलूप लावलं. ती गजांना धरून उभी राहायची, रस्त्याकडे बघत, अंधार पडेपर्यंत. कधी रडायची. मी आतून ओरडायचो, "कुठे जायचंय तुला?" ती सांगू शकत नसे. झोपेच्या गोळीचा अर्धा तुकडा द्या, असं डॉक्टरांनी सुचवलं. दिला. ती उभ्या उभ्या डुलायला लागली, पण फाटक सोडेना.

आता जे सांगायचं आहे ते मी आमच्या चर्चच्या पाळकांना सांगितलं आणि आता तुम्हाला सांगतो.

तिला खोकला झाला होता म्हणून वाशीमच्याच एका दवाखान्यात नेलं. दुपारची वेळ, बसायला जागा नाही. तिला एका खुर्चीत बसवून मी काउंटरवर नाव द्यायला गेलो. परत येईस्तोवर तिच्या शेजारची खुर्ची गेली होती. मी तीन खुर्च्या सोडून बसलो आणि पेपर उघडला. तीन रात्री मला झोप नव्हती.

पाहतो तर कमल उठली होती. समोर एक पोटुशी मुलगी बसली होती, वीस-एकवीसची. कमलने सरळ जाऊन अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. "पांढरी फटक हाय. रक्त नाई अंगात. गोळ्या खाऊन राह्यली का फेकून राह्यली?"

मुलगी दचकली. तिच्यासोबतचा दांडगा माणूस, तिचा नवरा, ताडकन उठला. "ओ बाई! हात कायले लावता? कोन हाय तुमी?"  तो सगळ्यांकडे बघून म्हणाला, "कोनाच्यासंग हाय हे येडी बाई?"

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. तिची साडी एका बाजूने खाली आली होती. कपाळावर सकाळच्या वरणाचा डाग होता, तो मी पुसला नव्हता. त्या माणसाची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. "बाबा, तुमच्यासंग हाय काय?"

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. पेपरसुद्धा खाली केला नाही.

येशूला धरून नेलं त्या रात्री शेकोटीपाशी उभं राहून "मी त्या माणसाला ओळखत नाही" असं म्हणणाऱ्या शिष्याची गोष्ट मी रविवारच्या शाळेत कितीतरी वेळा सांगितली आहे. सांगताना माझा आवाज चढायचा. कसा म्हणू शकला तो, असं मी पोरांना विचारायचो. पोरं माना खाली घालायची. कसं म्हणतात ते मला त्या खुर्चीत कळलं. अगदी सोपं असतं. थकवा असतो, लाज असते, आणि तोंडातून शब्द निघून जातो.

कमलने ते ऐकलं. ती त्या माणसाकडे वळून म्हणाली, "त्या बाबाले काहून बोलता? त्याईचा काई संबंध नाई. बसू द्या त्याईले, थकेल दिसून राह्यले."

तेवढ्यात मुलीच्या पलीकडे बसलेली तिची सासू चष्मा सावरत उठली. कमलच्या तोंडापाशी तोंड नेऊन तिने पाहिलं. "नर्सबाई व्हय काय तुमी? किन्हीराजाच्या?" उत्तराची वाट न बघता ती पोराकडे वळली. "अरे गाढवा, कोनावर ओरडून राह्यला तू? ह्या बाईच्या हातावर तुहा जलम झाला. रडून नव्हता राह्यला तू, निळा पडला होता. बाईनं पाय धरून उलटा केला, थापट्या मारल्या, तवा कुठी रडला. पाय पड."

तो दांडगा माणूस खाली वाकला. कमलने सवयीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला ओळखलं असेल असं मला वाटत नाही.

"आन् मालक कुठी हाय, बाई?" म्हातारीने विचारलं. "थे मास्तर, सायकलवर न्यायले येत होते तुमाले?"

"शाळेत गेले," कमल म्हणाली. "सव्वापाचले येतीन. मी वाट पाहून राह्यली." मग बायकांत बोलतात तशा आवाजात म्हणाली, "रागीट हाय थोडेसे. पन येतेत. एक दिवस चुकले नाई."

मी पेपर खाली केला.

किन्हीराजाचं उपकेंद्र गावाबाहेर होतं. शाळा पाचला सुटायची. सायकल काढून मी सव्वापाचला तिथे पोचायचो, घंटी वाजवायचो, ती पिशवी घेऊन बाहेर यायची. म्हणजे फाटकाशी ती माझीच वाट बघत होती. दोन वर्षं. आणि मी तिच्या पाठीमागे, कुलपाच्या आत उभा राहून ओरडत होतो.

आणि "एक दिवस चुकले नाई" हे काही खरं नव्हतं. मी चुकलो होतो. दोनदा-तीनदा भांडण झालं म्हणून मुद्दाम गेलो नव्हतो, ती अंधारात चालत आली होती. ते तिला आठवत नव्हतं. आजाराने बाकी सगळ्याबरोबर तेही नेलं होतं. देव आपली पापं आठवत नाही, असं मी पोरांना शिकवत आलो. ते ऐकायला बरं वाटतं, पण तसं कुणी आपल्याला खरंच माफ केलं तर समोर उभं राहवत नाही.

मी उभा राहिलो. म्हणालो, "ताई, तो मास्तर मीच. मी हिचा नवरा."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मग पोराकडे. पोराने मान खाली घातली, कारण माझं "नाही" त्याने ऐकलं होतं.  काउंटरवरून कमलचं नाव पुकारलं गेलं आणि मी तिचा हात धरून तिला आत घेऊन गेलो. आधी कपाळावरचा डाग पुसला.

दुसऱ्या दिवशी घरामागे गंजत पडलेली सायकल मी दुकानात नेली. ट्यूब बदलली, घंटीला तेल घातलं. सव्वापाचच्या जरा आधी मी मागच्या दाराने सायकल बाहेर काढली, गल्लीला वळसा घातला आणि आमच्याच फाटकासमोर येऊन घंटी वाजवली. एकाहत्तराव्या वर्षी. रेहाना दुकानाच्या पायरीवर उभी राहून बघत होती.

कमल गजांना धरून उभी होती. घंटी ऐकली आणि तिने पिशवी खांद्याला लावली. "आले?"

"आलो."

"उशीर केला."

"झाला खरा."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. सायकलकडे पाहिलं, हँडलवर हात ठेवला. माझे केस पांढरे झालेले तिला चालले नसते, तिचा नवरा काळ्या केसांचा होता. मी कुलूप काढलं, दोघं आत आलो. तिने पिशवी खुंटीला लावली, चहा घेतला आणि शांत बसली. त्या रात्री ती गोळीशिवाय झोपली, आणि मला रडू आलं.

त्यानंतर सात महिने मी रोज सव्वापाचला आलो. पावसात छत्री घेऊन आलो, ताप असताना सायकल नुसती हाताने ढकलत आलो. सकाळी मी "बाबा" असायचो, दुपारी कुणी पेशंटसोबत आलेला माणूस. पण सव्वापाचनंतर अर्धा तास मी तिचा नवरा असायचो. अठरा प्रश्नांची वही मी चुलीत घातली.

मग एका संध्याकाळी घंटी वाजवली तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं. ती आत पलंगावर बसलेली होती. मी परत वाजवली. आत गेलो. "कमल, मी आलो."

तिने मान वर केली. घंटीची आठवणसुद्धा गेली होती. डॉक्टरांनी मला हे आधीच सांगितलं होतं, तरी मी दारातच खाली बसलो. उठवेना. 

ती उठली. भिंत धरत धरत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. माझं मनगट तिने हातात घेतलं. तीन बोटं बरोबर जिथे ठेवायची तिथे ठेवली आणि स्वतःच्या रिकाम्या मनगटाकडे बघत नाडी मोजायला लागली. ओठ हलत होते. पंधराच्या पुढे आकडे चुकत होते, ती परत पहिल्यापासून मोजत होती. कितीतरी वेळ. मग तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून तिने माझ्या तोंडाला लावलं. अर्धं माझ्या सदऱ्यावर सांडलं.

"बाबा, लय थकले तुमी. घरी कोनी हाय काय तुमचं?"

"आहे," मी म्हणालो.

"मंग त्याईले सांगा, तुमची काळजी घ्या म्हनाव."

"सांगतो."

रेहानाचं बोलणं मला तेव्हा आठवलं. आणि बायबलमधल्या शुभवर्तमानातला तो न्यायाच्या दिवसाचा भाग. प्रभू म्हणतो, मी तहानलेला होतो आणि तुम्ही मला पाणी दिलं. लोक त्याला विचारतात, आम्ही तुला कधी तहानलेला पाहिलं आणि पाणी दिलं? मी ह्या भागावर उपदेश केला आहे. पण एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, की पाणी देणाऱ्यांनीही त्याला ओळखलेलं नव्हतं. मी मात्र तीन वर्षं ओळख मागत होतो. तिने माझं नाव सांगावं, मी तिचा कोण ते सांगावं. तिला मी थकलेला दिसलो, तेवढं पुरे होतं. "देवाचं लेकरू," तिने सांगितलं होतं, आणि मी तिच्यावर ओरडलो होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. तिला घास गिळता येईना. ॲस्पिरेशन न्यूमोनिया झाला, म्हणजे अन्न चुकून श्वासनळीत जातं आणि फुफ्फुसात जंतू वाढतात. नऊ दिवस दवाखान्यात होती. तिथल्या नर्स फार चांगल्या. एकीने कमलच्या हातात स्टेथोस्कोप दिला, तो ती शेवटपर्यंत धरून होती. दहाव्या दिवशी सकाळी, प्रीती तिचे केस विंचरत असताना, ती गेली. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, कमल, मी आलोय. तिने ऐकलं की नाही ते मला ठाऊक नाही. मला वाटतं नाही ऐकलं.

मातीला एवढे लोक येतील असं मला वाटलं नव्हतं. किन्हीराजाहून आले, रिठदहून दोन गाड्या भरून आल्या. आमच्या मंडळीतली माणसं मोजून तीस, ती त्या गर्दीत कुठे होती तेच दिसेना. बायका एकेक करून पेटीपाशी येत होत्या, आणि गंमत म्हणजे सगळ्या स्वतःचं नाव सांगत होत्या. रेहानाने दारातच त्यांना सांगून ठेवलं होतं की बाईले विचारू नका, आपलं नाव सांगा. "बाई, मी पार्वती, रिठदची. माहे जुळे." "बाई, मी शेवंता, तुमी मले टाके घातले होते." तो दांडगा माणूसही आला होता, कडेवर सहा महिन्यांची मुलगी घेऊन. त्याने नाव सांगितलं, मुलीचंही सांगितलं.

मी पेटीच्या डोक्याशी उभा होतो. एक म्हातारी, डोळ्यांना कमी दिसत असावं, माझ्यापाशी थांबली. हात चाचपून तिने माझी बाही धरली.

"तुमी कोन, बाबा? बाईचे कोन?"

मला नाव आहे. चाळीस वर्षांपूर्वी भर बाजारात मी ते एका माणसाला ओरडून सांगितलं होतं.

"मी नर्सबाईचा मालक," मी म्हणालो. "न्यायला आलोय."